कलर मोठा की सिक्वेन्स

पोकर शिकल्याने डोकं थंड राहतं, धीर वाढतो, समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं, असं माझ्या नवऱ्याचं, स्वप्निलचं म्हणणं. माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

चांदूर बाजारच्या आमच्या घरी तो मला संध्याकाळी शिकवायला बसायचा. पैसे नाहीत, हरभऱ्याचे दाणे लावायचे. दोन पत्ते हातात, पाच मधे उघडे, त्यांतून चांगले पाच जुळवायचे. वाईट पत्ते आले की डाव सोडायचा, चांगले आले तरी चेहरा हलू द्यायचा नाही. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. थोड्याच दिवसांत मी त्याचे दाणे उडवायला लागले.

त्याच सुमारास अमरावतीच्या एका कॉलेजात मला बी.एड.ची जागा मिळाली. एसटीने रोज जाऊन-येऊन करणार होते. स्वप्निल नाही म्हणाला नाही. हो तर मुळीच म्हणाला नाही. मग एक दिवस म्हणाला, एक डाव खेळू, जिंकलीस तर जा. आणि मी शहाणी, बसले खेळायला.

माझे पाचही पत्ते बदामाचे जुळले, म्हणजे कलर. त्याचे पाच ते नऊ ओळीने. मी दाण्यांकडे हात नेला तर तो शांतपणे म्हणाला, "सिक्वेन्स मोठा." तीनपत्तीत तसंच असतं, दिवाळीत आमच्याकडे घरोघरी खेळतात, पोरासोरांनाही ठाऊक असतं. कलर आणि सिक्वेन्स आमच्यात आधी कधी समोरासमोर आले नव्हते; पोकरातही तसंच असेल असं समजून मी मान डोलावली. प्रवेशाची मुदत गेली, जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

महिनाभराने त्याचा मित्र शुभम पोकर शिकायला आला. मी चहा घेऊन गेले तेव्हा स्वप्निल त्याला बजावत होता की तीनपत्ती डोक्यातून काढ, इथे कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा. मला पाहूनही तो थांबला नाही. चेहरा जरासुद्धा हलला नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

शुभम गेल्यावर मी जाब विचारला.

"मी म्हटलं अन् तू मानलं काहून?" तो म्हणाला. "पोकर हेच तं शिकवते."

"चूक माह्यीच हाय," मी म्हटलं. "माह्या शिक्षणाचा निकाल मी पत्त्यावर सोडला. पुढच्या वर्षी तुमाले इचारणार नाही. जाईन."

तो हसला. मी थाप मारतेय असं त्याला वाटलं.