एकशेसत्तरच्या खाली

धर्मपालच्या सात रस्ता चौकातल्या दुकानात स्टॅबिलायझर घ्यायला गेलं की आधी उलटतपासणी व्हायची, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. फ्रिज किती लिटरचा, हे काय शेंबडं पोरही विचारेल. धर्मपाल विचारायचा, तुमच्याकडं व्होल्टेज उतरतं ते कितीपर्यंत? चढतं ते कितीपर्यंत? माहीत नसेल तर सॉकेटात खोचायचा छोटा मीटर हातात द्यायचा आणि दोन दिवस आकडे लिहून आणायला सांगायचा.

"स्टॅबिलायझरच्या पेटीत काय वीज तयार होत नाही," तो समजावायचा. "आत ट्रान्सफॉर्मर असतो. व्होल्टेज पडलं की तो वर उचलतो, चढलं की खाली आणतो. पण प्रत्येक पेटीची उचलायची ताकद ठरलेली असते. त्याच्या खाली गेलं की ती फ्रिजची लाईटच तोडते." गिऱ्हाईकं कंटाळायची, पण त्याच्या पेटीला नाव ठेवायची कुणाची बिशाद नव्हती.

एप्रिलातला एक दिवस मात्र त्याच्या हातून गेला. ऊन मी म्हणत होतं, दुकानात एसीवाल्यांची झुंबड. त्यात मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावरचे येडूमामा आले. हे मेंढरं राखणारे. त्यांची सून सोनाली पशुसखी झालेली. सरकारी दवाखान्यातून लस आणायची आणि गावच्या मेंढरांना टोचायची, हे तिचं काम. लस थंड राहावी म्हणून घरात फ्रिज आणला होता. धर्मपालनं फक्त लिटर विचारले आणि हाताशी होती ती पेटी बांधून दिली. ती व्होल्टेज एकशेसत्तरपर्यंत उतरेस्तोवरच चालणारी होती. मीटर वरच्या फळीवर होता, स्टूल घेऊन काढायचा त्यानं आळस केला. बस्स, एवढंच.

जुलैत येडूमामा पुन्हा आले. पोत्यातून पेटी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली.

"ही परत घ्या. पेटी चांगली हाय, तिची काय तक्रार न्हाय. पोरीचा हातच वाईट निघाला."

"का, काय झालं?"

"लस टोचलेली मेंढरं रोगानं मेली की. तेवीस गेली. आता तिला कुणी दारात उभं करंना. म्या बी म्हनलं, बास झालं, शिरडं राख." मामांनी पोत्याची घडी घातली. "ती आपली म्हणती, दिवसा पेटीचा दिवा जातोय, फ्रिज गार ऱ्हात न्हाय. पर तुमीच सांगितलं म्हणं फोनवर, की त्यात काय न्हाय."

धर्मपालला आठवलं. फोन आला होता, खरंच आला होता. शिडीवर चढून पंखा बसवताना, खांद्यात मोबाईल धरून तो म्हणाला होता, "ताई, बंद पडते म्हणजेच ती काम करते. फ्रिज वाचवते. काळजी करू नका." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फ्रिज वाचत होता आणि आतली लस उकडत होती. शेतीच्या मोटारींची लाईट सकाळी आली की माळावरचं व्होल्टेज कोसळणार, मोटारी थांबेपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, वर येणार नाही, हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता.

आता तरी बोलावं की नाही? पण समोर दोन गिऱ्हाईकं उभी होती आणि मामा पेटीला चांगली म्हणत होते. धर्मपाल म्हणाला, "असं होय." मामा एसटी गाठायला निघून गेले. रात्रीची भाकरी धर्मपालनं तशीच बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, मीटर आणि एकशेतीसपासून चालणारी पेटी घेऊन तो गाडीवरून गावात पोचला. सोनाली अंगणात शिरडांना पाला टाकत होती. मामा बाजेवर होते. सकाळचे अकरा वाजलेले, माळावर मोटारी घरघरत होत्या. त्यानं मीटर सॉकेटात खोचला. एकशेत्रेचाळीस.

"मामा, चूक माझी आहे," तो म्हणाला. "ही पेटी एकशेसत्तरच्या खाली फ्रिज चालूच देत नाही. रोज दिवसभर तुमचा फ्रिज बंद होता. गार न राहिल्यानं लस बाद झाली. तुमच्या सुनेचा हात चांगलाच आहे. मी विचारायला पाहिजे होतं, ते विचारलं नाही. आणि ताईंनी फोन केला, तेव्हाही विचारलं नाही."

मामा सुनेकडं बघायला धजले नाहीत. खालच्या मानेनं म्हणाले, "पोरी, म्या बी तुला लई बोललो."

सोनालीनं हातातला पाला खाली ठेवला. मीटरवरचा आकडा तिनं वाकून पाहिला.

"दादा, त्या फोनच्या आदी मी लस टोचायची थांबवली व्हती," ती म्हणाली. "मनात शंका आली व्हती माझ्या. तुमी काळजी करू नका म्हनला, म्हणून दुसऱ्या दिवशी एकशेचाळीस मेंढरं टोचली."

धर्मपालला वाटलं होतं, कबूल केलं की छातीवरचा धोंडा उतरेल. कसला उतरतोय! 'माफ करा' हे शब्द तोंडात आले, पण त्याची त्यालाच लाज वाटली.

"नवी पेटी लावून देतो," तो कसाबसा म्हणाला.

"ती लावा मागनं." सोनालीनं पदर खोचला आणि पायात चप्पल सरकवली. "आदी बिभीषण आप्पाच्या घरी चला. त्येंची सगळी गेली, अकरा. मग फुलाबाईची सात, मग खालच्या आळीत. समद्यांना असंच सांगा, जसं हितं सांगितलं."

"तुम्ही येताय ना बरोबर?"

"येते की. पर मी बोलणार न्हाय," ती म्हणाली. "माझं सांगून झालंय."