मोठ्या ड्रममागची आत्या

बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांमध्ये गावातल्या एका हौशी बँडचा सराव चाले. पोती आवाज पिऊन टाकत, त्यामुळे शेजारी कुरकुरत नसत. बेकरी आत्याची होती आणि बँडही तिचाच म्हणायला हरकत नव्हती. ती खरी आत्या एकाच मुलीची. पण भाचीचं ऐकून ऐकून क्लॅरिनेटवाला शिंपी, ट्रॉम्बोनवाला प्लंबर, सगळेच तिला आत्या म्हणू लागले होते. आसपासच्या गावांत बँड पुष्कळ होते. तिच्यासारखा ट्रम्पेट वाजवणारं मात्र कुणाकडे नव्हतं. हे तिला चांगलं ठाऊक होतं आणि ते लपवायच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

सगळ्या बँडांची वार्षिक स्पर्धा तोंडावर आली होती. एके सकाळी आत्यानं चहाचा घोट घेतला, तो ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा सैल पडलेला, एक डोळा मिटेना. डॉक्टरांनी धीर दिला. चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेक बरी होईल, पण वेळ लागेल, असं ते म्हणाले. घरी येऊन तिनं ट्रम्पेट ओठांना लावला. नुसतीच हवा फुसफुसली. तिनं तो पेटीत ठेवला आणि ओव्हनजवळ जाऊन पाव काढत बसली. त्या दिवशी गिऱ्हाइकांशी ती धड बोलली नाही.

संध्याकाळी सगळे जमले. यंदा स्पर्धा सोडून द्यावी, असं शिंपी म्हणाला. प्लंबरनं सुचवलं की आत्यानं पहिल्या रांगेत मानाच्या खुर्चीवर बसावं. मानाची खुर्ची ऐकताच आत्याचं डोकं फिरलं. आपण अजून भिंतीवरच्या तसबिरीत गेलेलो नाही, असं तिनं सगळ्यांना सुनावलं. मग भाचीकडे वळून ती म्हणाली, "माझा भाग तू वाजवायचा. मोठा ड्रम मी घेते."

मोठा ड्रम म्हणजे ज्याला दुसरं काही येत नाही त्याच्या गळ्यात मारायचं वाद्य. दर वर्षी कुणाचा तरी मेहुणा नाहीतर भाडेकरू पकडून आणत आणि आत्या त्याला फाडून खाई. आता तीच पट्टा खांद्यावर चढवून उभी राहिली. पहिल्याच दिवशी ठोका चुकला, तेव्हा हसावं की नाही, ते कुणाला कळेना. शेवटी तीच हसली, अर्ध्या तोंडानं.

भाची वीज कंपनीच्या कार्यालयात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि संध्याकाळी आत्याच्या. इतकी वर्षं ती दुसरा ट्रम्पेट वाजवत आली होती, आत्याच्या सुराला टेकू देत. आता एकटीनं वाजवायचं म्हटल्यावर ती आत्याची हुबेहूब नक्कल करू लागली. तीच घाई, त्याच जागी तोच दम. आत्या मान डोलावायची, पण मनातून तिला चैन पडत नव्हतं. नक्कल चांगली होती, पण ती नक्कलच होती.

स्पर्धेला सभागृह खच्चून भरलं होतं. त्यांची पाळी आली. सुरुवात ठीकठाक झाली. मग भाचीचा एकटीचा भाग आला आणि तिनं अचानक लय सैल सोडली. जिथे आत्या झेप घ्यायची, तिथे ती थांबली, एक सूर लांबवत राहिली.

आत्याच्या हातातली काठी वर उठली होती. ड्रम तिच्याकडे होता. दोन दणदणीत ठोके दिले असते तर अख्खा बँड जुन्या चालीवर परत आला असता. सवयीनं हात तेच करू पाहत होता. पण तो सूर तिच्या कानात शिरला आणि तिला जाणवलं की या जागी इतकं सुंदर आपण कधीच वाजवलेलं नाही. तिला हेवा वाटला. तो गिळून तिनं हात हलका केला आणि भाचीच्या मागोमाग, अगदी हळू, ठोका द्यायला सुरुवात केली. शिंप्यानं आत्याकडे पाहिलं, तिनं डोळ्यानंच खूण केली आणि सगळा बँड त्या नव्या लयीत सावकाश उतरला.

त्यांचा दुसरा नंबर आला. पहिल्या आलेल्या बँडचे म्होरके, ज्यांना सगळे मिशीवाले म्हणत, हे आत्याचे वर्षानुवर्षांचे प्रतिस्पर्धी. ते मुद्दाम येऊन म्हणाले, "बाई, चषक आम्ही नेतोय खरा, पण ती ट्रम्पेटवाली आम्हाला द्या."

"ड्रमवाली न्या हवं तर," आत्या म्हणाली. शब्द तिरपे पडत होते, तरी तिनं ते नीट उच्चारले. "ट्रम्पेटवालीला मी शिकवलंय. पण आज वाजवलं ते तिचं तिनं."

भाची जवळच उभी होती. तिनं आत्याच्या खांद्यावरून ड्रमचा पट्टा उतरवला. आत्यानं नको नको म्हणत तो उतरवू दिला. मग गर्दीतून वाट काढत, भेटेल त्याला भाचीची ओळख करून देत, ती दारापर्यंत पोहोचली. वाकड्या तोंडानं हसताना आपण कशा दिसतो, याची तिला त्या दिवशी जराही पर्वा नव्हती.