सुईची जागा

"चवडा वर उचल. पायाकडं बघ आणि उचल."

दानेश्वरीनं दात आवळले. पण उजवा पाय घोट्यातून लोंबकळला तो लोंबकळलाच. फिजिओथेरपिस्ट वर्षाराणी मॅडमनी तिच्या नडगीवर करंटची पट्टी ठेवली. बोटं जराशी फडफडली आणि मशीन बंद होताच निपचित पडली.

"तीन महिने झाले," मॅडम म्हणाल्या. "मला नीट सांगा. पाय इंजेक्शनच्या वेळीच गेला, की नंतर?"

दाराशी उभ्या मीनाबाई उंबऱ्याकडं बघू लागल्या.

"नंतर की वो," दानेश्वरीची आई शांतव्वा म्हणाली. "दोन दीस पोरगी तापात पडून हुती. उठली तवा पाय लुळा. तापानं गेला, आमच्या डॉक्टरनी चिठ्ठीत लिवलंय. ह्या मीनाबाई त्याच दवाखान्यातल्या नर्स. दर बेस्तरवारी शिरोळास्नं आमाला हितं कोल्हापुरात त्याच आणत्यात. देवमाणूस हाईत."

तो शब्द मीनाबाईंना ऐकवत नसे. एकोणीस वर्षं त्यांनी सुया टोचल्या होत्या. त्या दिवशी दवाखान्यात तापकऱ्यांची रांग, शांतव्वा बाहेर बाकावर. घाईत कमरेची सुई नेहमीच्या जागेच्या खाली, आतल्या बाजूला गेली. ग्लानीतली पोरगी किंचाळून उसळली, पाय झाडला आणि पुन्हा ग्लानीत गेली. तिला काही आठवत नव्हतं. मीनाबाईंना सगळं आठवत होतं. डॉक्टर म्हणाले होते, "तापानं झालं म्हणायचं. तोंड उघडलंस तर तुझी नोकरी जाईल, माझं काही जाणार नाही."

तेव्हापासून दाराची कडी वाजली की त्या आधी फटीतून बघायच्या. दानेश्वरीचा बाप गुरुपाद. त्याचा हात तोंडाच्या आधी चालायचा. मीनाबाई विधवा, घर बौद्धवस्तीच्या टोकाला. राग एकट्या आपल्यावर निघून थांबेल, की सगळ्या वस्तीवर निघेल, याचीही खात्री नव्हती.

"तापानं असेल तर वाट बघू," मॅडम सांगत होत्या. "पण सुई नसेत गेली असेल तर थांबून चालणार नाही. सर्जनला दाखवून नस मोकळी करावी लागेल. उशीर झाला तर हा पाय जन्मभर ओढावा लागेल."

मीनाबाईंनी दानेश्वरीच्या पोटरीकडं पाहिलं. ती दुसरीच्या निम्मी झाली होती.

"तवाच गेला," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "सुई माझ्या हातची. जागा चुकली."

शांतव्वानं लेकीचा पाय पदराखाली घेतला. परतीच्या एसटीत ती लेकीला घेऊन पुढं बसली. मागं वळली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मीनाबाईंना कामावरून काढलं. पंधरा दिवसांनी एका दुपारी कडी वाजली. दारात गुरुपाद. मीनाबाईंनी दार अर्धंच उघडं धरलं.

तो खाली बघत बोलला. "मिरजेला आपरेशनची तारीक मिळालीया. मागनं रोज पायाचा व्यायाम घ्याय पायजे म्हणं. आमच्या कुणाच्या हाताला जमायचं न्हाई. पोरगी तुमालाच बोलवतीया." मग थोडं थांबून, "पोरीच्या आईम्होरं येऊ नगा. मागच्या दारानं या."

ऑपरेशन झालं. मीनाबाई रोज सकाळी मागच्या दारानं जाऊ लागल्या. पलीकडं स्वयंपाकघरात भांडी आदळायची. कुणी पाणी विचारत नसे. टाच मांडीवर घेऊन चवडा वर दाबताना त्या मध्येच थांबायच्या. नस बरी झालीच नाही तर? आणखी काही दुखावलं तर?

"तुला माझं भ्या वाटत न्हाई व्हय?" एकदा त्यांनी विचारलं.

"वाटतंय की," दानेश्वरी म्हणाली. "पर ह्या पायाचं त्याच्यापरास जास्त वाटतंय."

आठ महिने असेच गेले. मग एका सकाळी, मीनाबाईंनी हात लावायच्या आधीच, अंगठा हलला. त्यांना भास वाटला. पुन्हा हलला, आणि त्याच्यामागनं चवडा बोटभर वर आला.

"अव्वा! अव्वा, ये की हिकडं!" दानेश्वरीनं आईला हाक मारली.

शांतव्वा पिठाच्या हातांनी धावत आली आणि पायाशी बसली. मीनाबाईंकडं तिनं पाहिलं नाही. मीनाबाईंनी टाच आपल्या मांडीवरून उचलली, हलकेच तिच्या मांडीवर ठेवली आणि पदर सावरत मागच्या दारानं बाहेर पडल्या.