भांड्यात उरलेले दोन चेंडू

गटांची सोडत काढायला त्याला बोलावलं, तेव्हा घरात कोण आनंद झाला होता! देशाचा जुना गोलकीपर तो, लोक त्याला अजून ‘भिंत’ म्हणत. काचेच्या भांड्यात हात घालायचा, प्लास्टिकचा चेंडू काढायचा, उघडून आतली चिठ्ठी कॅमेऱ्याला दाखवायची. यात कसलं आलंय डोकं, असं तो बायकोला म्हणाला होता. घ्या आता.

देशाच्या संघाचा प्रशिक्षक म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ. आणि स्पर्धा चालवणाऱ्या शहाण्यांना नेमकी याच खेपेला दुर्बुद्धी सुचली. पूर्वी चार-चार संघांचे गट असत, त्यातले दोन पुढे जात, एखादा सामना हातचा गेला तरी सावरून घेता येई. आता गट तीन-तीनचे आणि पुढे जाणार फक्त पहिला. कशासाठी, ते त्यांचं त्यांना ठाऊक. धाकट्याला तर संघटनेने तोंडावर सांगून टाकलं होतं की पहिल्या फेरीत बाहेर पडलात तर घरी बसायचं.

सोडत छान चालली होती. शेवटी भांड्यात दोन चेंडू उरले, त्यातला एक आपला. आधी निघेल तो संघ जगज्जेत्यांच्या गटात, मागे राहील तो सोप्या गटात. नियमाप्रमाणे मान वळवून भिंतीने हात घातला. बोटांना एक चेंडू लागला, त्याने तो धरलासुद्धा. मग सोडला आणि दुसरा उचलला.

चिठ्ठीवर आपल्याच देशाचं नाव होतं.

सवय, दुसरं काय! पेनल्टीच्या वेळी मनात पहिली जी बाजू येईल तिकडे झेप घ्यायचीच नाही, हा त्याचा जन्मभराचा नेम. त्याच नेमावर त्याने नाव कमावलं होतं. आता त्याच नेमाने सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिला.

आठवडाभर तो तोंड लपवून होता. दाढीला गेला तर न्हावी हसत म्हणाला, साहेब, त्या दिवशी हात घरी विसरला होता का? गिऱ्हाइकं हसली, तोही हसला. चेंडू सोडलेला कुणाच्या लक्षात आलेला नाही, एवढाच त्याला आधार होता. रात्री जेवताना बायको म्हणायची, अहो, नशिबाचा खेळ तो, तुम्ही काय करणार. तो ताट सारून उठे.

रविवारी धाकटा आला. वहिनीला चहा टाकायला सांगून समोर बसला आणि सरावाचं, बचावफळीचं, कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्याचं बोलत राहिला. सोडतीचा विषय काढेना. शेवटी भिंतीलाच राहवेना. त्याने तोंड उघडलं, तसा धाकट्याने हात वर केला.

“मी पाहिलं, दादा. तू पहिला सोडलास तेव्हाच खुर्चीतून उठलो मी. लहानपणी तुला सगळे गोल कसे मारायचो, ठाऊक आहे? तू पहिला अंदाज सोडणार, हे मला पाठ होतं.”

इतकी वर्षं भिंतीला वाटत होतं, आपण लाडाने हरत होतो.

“एवढंच सांग,” धाकटा म्हणाला. “चेंडू हातात होता, तेव्हा माझा विचार आला होता का?”

खोटं बोलणं सोपं होतं. नाही, नुसत्या सवयीने सुटला, असं म्हटलं असतं की संपलं असतं. पण या भावाशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

“तुझाच आला रे,” तो म्हणाला. “म्हणून तर सोडला. एरवी पहिलाच उचलला असता.”

धाकटा उठला, आतल्या बाजूला तोंड करून म्हणाला, वहिनी, येतो. वहिनी चहा घेऊन बाहेर आली, तोवर तो जिना उतरून गेला होता.