खुंटाची जागा

कल्याणच्या बंदराच्या अलीकडे, खाडीच्या वळणावर, आमच्या जाळ्याचा खुंट होता. जाळं बांधायला रोवलेलं ते नुसतं लाकूड, पण ठाण्याहून शिडाच्या पडावांतून मीठ आणणारे तांडेल त्याच्यावरच नजर ठेवून येत. खुंट उजव्या हाताला ठेवला की त्याच्या आणि काठाच्या मधला पाण्याखालचा खडक टळे. म्हणून खुंट हलवायचा तर आधी तांडेलांना कळवायचं, ही आमच्याकडची रीतच होती.

आगगाडी येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती. बहुतेकांनी पडाव विकले. आमच्या गावच्या गुणाजी तांडेलाने मात्र बापाचा पडाव डागडुजी करत राखला होता. त्या शिमग्याला त्याने चारचौघांत मला 'चिखलातला कोळी' म्हटलं. लोक हसले, आणि मला ते फार लागलं.

वैशाखात मासळी काठाकडे सरकली, तसा मीही खुंट वीस हात काठाकडे घेतला. दुसऱ्या दिवशी फक्त गुणाजी यायचा होता. ठाण्याला जाणाऱ्या होडीबरोबर निरोप धाडता आला असता. मुद्दाम धाडला नाही. म्हटलं, तळ जरा घासू दे, ताठा उतरेल. एवढीच माझी अक्कल!

भरतीबरोबर, भर दुपारी, शीड फुगवून तो आला. खुंट बरोबर उजव्या हाताला ठेवला. खडकावर तळाची फळी फुटली आणि बघता बघता पडाव आडवा झाला. मी होडी घालून गुणाजीला आणि त्याच्या दोन खलाशांना काढलं. मीठ विरघळलं, पडाव गाळात रुतला तो रुतलाच. गाव मलाच शाबासकी देत होतं.

ओहोटी लागली. सगळे गुणाजीभोवती जमलेले असताना मी खुंट उपटून जुन्या जागी रोवला. फार घाबरलो होतो.

दोन दिवसांनी गुणाजीने मला तिथं न्यायला लावलं. त्याने खुंट निरखला, काठापासूनचं अंतर नजरेने मोजलं.

"खुंट हाय तिथंच हाय, पंढरी. माझीच नजर गेली रं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही. आज सत्तरी गाठली तरी ती लाज जात नाही.

दिवाळीनंतर कल्याणचा एक व्यापारी आपल्या नव्या पडावाचं सुकाणू त्याला द्यायला आला. गुणाजीने हात जोडले; म्हणाला, या डोळ्यांच्या भरवशावर मी कुणाचे जीव घेणार नाही. व्यापाऱ्याला पटेना.

"पंढरीला विचारा," गुणाजी म्हणाला. "तो खोटं बोलायचा नाय."

व्यापारी माझ्याकडे वळला.

"खरं हाय," मी म्हणालो. "त्याला हल्ली नीट दिसत नाय."