चुलीपर्यंतचा तिसरा हिस्सा

पूर्वेच्या खोलीत दोन खिडक्या होत्या, एक पलंग, तीन खुर्च्या, कपड्यांची एक पेटी आणि मधल्या धुराड्याच्या भिंतीत आत बांधलेली एक चूल. कर्नल थ्रॅशर वारले, तेव्हा त्यांच्या बायकोला, मेहिटेबलला, हयात असेतो घराचा तिसरा भाग मिळणार होता. कनेक्टिकटमध्ये विधवेचा हक्क तेवढाच. न्यायालयाने नेमलेले तिघे शेजारी सकाळपासून मापकाठी घेऊन घरात फिरत होते.

"लांबी छत्तीस फूट," म्हातारे ओबादाया पेक म्हणाले. "ही खोली बारा, पलीकडचं स्वयंपाकघर चोवीस. तिसरा हिस्सा बारा. खोली तुमची, बाईसाहेब."

"आणि चूल?"

"ती बारा फुटांच्या पुढे येते, आई," सावत्र मुलगा एलिफलेट दारातून म्हणाला. "म्हणजे माझी. विस्तव लागला तर मागत जा. मी काय नाही म्हणणार आहे?"

तो नाहीच म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. नदी कडेने गोठू लागली होती. विस्तवाशिवाय या खोलीत हिवाळा निघाला नसता, आणि ती, एका न्यायाधीशाची मुलगी, भावाच्या दारात गाठोडं घेऊन गेली, की खोलीही एलिफलेटला आयती मिळाली असती.

"पेकसाहेब, खोली आणि स्वयंपाकघराच्या मधलं धुराडं कुठे गेलं?"

"ते कोण मोजतं? पाय ठेवता येतो तेवढी जमीन धरली."

"ते काय घराबाहेर आहे?"

"आता धुराड्यात राहायला जायचंय का?" एलिफलेट हसला.

"तुला नाही ना जायचं? मग मोजू दे की."

बाकीचे दोघे शेजारी खाली बघू लागले. पेक हसले नाहीत. बाजूच्या बोळात काठी लावून त्यांनी धुराड्याची जाडी घेतली. सहा फूट. म्हणजे घर बेचाळीस, तिसरा हिस्सा चौदा.

एलिफलेटचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "बरं. चौदाच्या पुढचं माझं. चुलीची मागची भिंत त्यापलीकडे निघाली, तर माझ्या तेवढ्या भागात आजच विटा भरतो. उरलेल्या फटीत पेटव मग जाळ."

एकोणीस वर्षं तिने या चुलीत लाकडं सारली होती. ती किती खोल आहे, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

तिने चिमटा घेतला. पेटती लाकडं एकेक करून लोखंडी घमेल्यात काढली. धुराने सगळ्यांचे डोळे झोंबले, पण कोणी मागे सरलं नाही. पेक यांनी हाताला ओलं फडकं गुंडाळलं आणि ते गुडघ्यांवर बसले. चुलीच्या तोंडापासून काठी गरम राखेवरून आत सरकत गेली. एलिफलेट त्यांच्या खांद्यावरून इतका वाकला, की त्याचा श्वास त्यांच्या मानेवर येत होता.

"उजेडातून हो बाजूला," पेक म्हणाले.

काठी विटेवर टेकली. त्यांनी नखाने खूण धरली, काठी बाहेर काढून खिडकीशी नेली आणि दोनदा पाहिली.

"खोली बारा," ते म्हणाले. "चूल एक फूट दहा इंच. मागच्या भिंतीपर्यंत तेरा फूट दहा इंच. चौदाच्या आत."