पहिली चार, शेवटची चार

ताईचं शेवटचं चित्र माझ्या डिजिटल वॉलेटमध्ये होतं. शेवटचं म्हणजे तिचा हात थरथरायला लागायच्या आधीचं. स्क्रीनवर काढलेलं आणि ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणालाही खोडता न येणाऱ्या जाहीर नोंदवहीत, एकाच मालकाच्या नावे नोंदलेलं. "तुझ्याकडे ठेव, पण विकायचं नाही हं," एवढंच ती म्हणाली होती. मी अशा चित्रांची प्रदर्शनं लावते. माझ्याइतकं जपणारं तिला कोण मिळणार होतं?

आमच्या कामात चूक निस्तरायला कुणी बसलेलं नसतं. गेलं ते गेलं. म्हणून मी नेहमी आधी एखादं फुटकळ चित्र पाठवून बघते. त्या सकाळीही प्रदर्शनासाठी गॅलरीच्या वॉलेटवर तसंच पाठवलं, पोचलं. मग माझ्या व्यवहारांच्या यादीतून त्या वॉलेटचा पत्ता उचलला. बेचाळीस अक्षरं कोण वाचत बसतं? पहिली चार, शेवटची चार जुळवायची की झालं. जुळली. ताईचं चित्र पाठवलं आणि मी चहा घ्यायला उठले.

गॅलरीवाला दारातून डोकावला. "मॅडम, चित्र आलं नाही हो अजून."

"येईल की. जरा दम धरा."

"नाही, चाचणीचं लगेच आलं होतं, म्हणून विचारलं."

मी यादी उघडली. चाचणीच्या ओळीच्या वर आणखी एक ओळ होती, मी न केलेली. आमच्या वॉलेटांवर पाळत ठेवणाऱ्या कुणीतरी तसाच दिसणारा पत्ता बनवून तेवढ्या वेळात माझ्या यादीत सरकवला होता. पहिली चार तीच, शेवटची चार तीच. मधली अक्षरं मी आता बोट ठेवून वाचली. ती वेगळीच होती.

"ताईंना सांगायला हवं," गॅलरीवाला हळूच म्हणाला.

"थांबा हो!" मी उगाच त्याच्यावर खेकसले. भीतीने मला दुसरं काही सुचत नव्हतं.

बाहेर भिंतीवरच्या स्क्रीनवर चित्र झळकतच होतं. चित्र सगळ्यांना दिसतं, मालकी तेवढी जाते. खालची पाटी ब्लॉकचेनवरची नोंद आपोआप दाखवायची. प्रदर्शनाला आलेली ताई चांगली साडी नेसून समोर उभी होती.

"ही रेघ बघ," ती म्हणाली. "एका दमात ओढली होती. आता मेली सहीसुद्धा जमत नाही."

मी पाटीकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात पाटी बदलली. 'विक्रीसाठी उपलब्ध.'

ताईने दोनदा वाचलं. "तू विकायला काढलंस?"

चोरीला गेलं म्हटलं, तर तिच्यासाठी सगळं तिथेच संपलं असतं. मीच काढलं म्हटलं, तर निदान माझ्यावर रागावेल तरी.

"हो," मी म्हणाले.

ती रागावली नाही. थरथरता हात तिने माझ्या खांद्यावर ठेवला.

"अगं, मग काढून घे ना परत. तुझ्याच तर हातात आहे."